जुन्या वस्तूंवरचं नाव कोणाचं? बनवणाऱ्याचं की विकणाऱ्याचं?

गोखलेरोडकर

नमस्कार मंडळी.

नौपाड्यातली आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. दिवाळीच्या आत जागा मोकळी करून द्यायची आहे. माळ्यावरून जे जे खाली आलं ते बघून भंगारवाला म्हणतो, "सगळं मिळून एकच भाव." आणि मोठे काका म्हणतात, "अँटिक आहे, लाखांत जाईल, हात लावू नका." दोघांवरही माझा विश्वास नाही.

विकायचं की ठेवायचं ते नंतर बघू. आधी एवढंच कळायला हवं की या वस्तू कोणी, कुठे आणि साधारण केव्हा बनवल्या.

भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आहे, डायलवर मुंबईतल्या एका दुकानाचं इंग्रजी नाव. देवघराच्या ओट्याला उठावाच्या टाइल्स आहेत, मधली मुरलीधराची आणि बाजूला गुलाब. वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या आहेत, त्यातल्या काहींचा वेत फाटलाय. लक्ष्मीचं एक मोठं चित्र आहे, साडीला खरी जर चिकटवलेली. आजीच्या चैत्रगौरीच्या आराशीतली चिनी मातीची बाहुली आहे. तांब्याचा बंब आणि एक मोठं घंगाळ. शिवाय पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, हा मात्र काकांनी अलीकडे हौसेने घेतलेला.

फोटो टाकलेत. ज्याला जे कळतं त्याने त्यावर बोलावं.

फुकटचा सल्लागार

फोटो दिसत नाहीयेत. पण काका चुकीचे आहेत हे न बघताही सांगतो.

लंबक

मला दिसतायत. घड्याळापुरतं बोलतो, वडील कोपरखैरण्यात दुरुस्ती करायचे.

डायलवरचं नाव आधी डोक्यातून काढा. ते विकणाऱ्याचं. मुंबईतले घड्याळवाले जर्मनीहून माल मागवायचे तेव्हा ऑर्डरीसोबत आपलं नाव डायलवर घालून घ्यायचे. कारखान्यालाही हरकत नसे, कारण कारखान्याची खूण असते आत, यंत्राच्या मागच्या पितळी पट्टीवर.

खुणा अशा. आठ टोकांची चांदणी आणि तिच्यात इंग्रजी 'जे' असेल तर युंगहान्स, दक्षिण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं श्रामबर्ग. त्यांच्या यंत्रावर पुष्कळदा 'ए' किंवा 'बी' आणि पुढे दोन आकडे असतात. 'ए ०८' म्हणजे १९०८ चे पहिले सहा महिने, 'बी' म्हणजे दुसरे. नांगर आणि 'जी बी' असेल तर गुस्टाव बेकर. त्यांचा कारखाना सायलेशियातल्या फ्रायबुर्गला होता. तो भाग आज पोलंडमध्ये आहे आणि गावाचं नाव श्वियेबोजित्से. त्यामुळे "जर्मन घड्याळ पोलंडचं कसं?" म्हणून भांडू नका.

दार उघडून आधी लंबक काढून ठेवा, मग डायलचे स्क्रू काढा. लंबक तसाच ठेवून घड्याळ उचललंत तर तो लटकतो त्या पातळ पोलादी पट्टीचा तुकडा पडतो. ती सहज मिळत नाही.

गोखलेरोडकर

काढलं. चांदणी नाही, नांगर नाही. दोन बाण आहेत, एकमेकांवर फुलीसारखे.

लंबक

वा! हॅम्बर्ग अमेरिकन क्लॉक कंपनी. नावात हॅम्बर्ग, नावात अमेरिका, आणि कारखाना त्याच श्रामबर्गला. अमेरिकन पद्धतीने यंत्रावर ठोकून स्वस्त घड्याळं काढायची म्हणून 'अमेरिकन'. पुढे ती युंगहान्समध्ये विलीन झाली. म्हणजे तुमच्या घड्याळाच्या डायलवर मुंबई, कंपनीच्या नावात दोन परगावं आणि खरा पत्ता तिसराच.

पहिल्या महायुद्धाच्या आधीचं की नंतरचं ते पेटी आणि गाँग, म्हणजे ठोके वाजवणारी तार, बघून सांगता येईल. फोटोवरून छातीठोक सांगणार नाही.

पामबीच पादचारी

माझ्याकडे 'अॅन्सोनिया, न्यूयॉर्क' लिहिलेलं आहे. ते तरी अमेरिकेचंच ना?

लंबक

डायल कागदी आणि पांढराशुभ्र असेल तर शंका घ्या. अॅन्सोनिया कंपनी १९२९ मध्ये बंद पडली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली. त्यानंतर त्या जुन्या कंपनीचा नवा माल निघणं शक्य नाही, तरी बाजारात 'नवीकोरी अॅन्सोनिया' भरपूर. जुनं कुठलंतरी यंत्र, नवी पेटी, वर छापील डायल. चालतं छान, वेळही बरोबर दाखवतं, फक्त ते अॅन्सोनिया नसतं.

ठोकळा

टाइल्सवर मी बोलते. वाशीला राहते, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते.

फोटोतल्या उठावाच्या टाइल्स बघून नव्वद टक्के लोक 'इंग्लंडच्या मिंटन' म्हणून मोकळे होतात. मुरलीधर दिसला की मला मात्र आधी जपान आठवतं. पहिल्या महायुद्धात विलायती माल यायचा कमी झाला आणि १९२० ते ३० च्या दशकांत जपानी कारखान्यांनी ती जागा घेतली. जपानच्या 'आवाजी' नावाच्या बेटावरची दांतो काइशा हे त्यातलं मोठं नाव, साजी हे दुसरं. गुलाब, फळं, मोर हे तर ते काढतच, पण हिंदुस्थानच्या बाजारासाठी खास कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती असे साचे त्यांनी केले. म्हणजे ज्या कारागिराने मुरलीधराच्या पायाखाली निळा रंग भरला, त्याने मथुरा सोडा, मुंबईही बघितलेली नसणार.

खात्री फक्त पाठीमागून होते. जपानी टाइलच्या पाठीवर 'मेड इन जपान' आणि कारखान्याचं नाव किंवा खूण उठावात असते. इंग्लंडची असेल तर मिंटन हॉलिन्स, मॉ अँड कंपनी अशी नावं. चौकोन तिरपा ठेवल्यासारखी, कोपऱ्यांत अक्षरं असलेली खूण दिसली तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. १८८४ पासून सरळ 'आर डी नंबर', म्हणजे नोंदणी क्रमांक, येतो. पण लक्षात घ्या, ते साल नक्षीच्या नोंदणीचं आहे. तीच नक्षी पुढे वीस वर्षं छापली जाऊ शकते.

आणि कृपा करून बिल्डरच्या माणसांना छिन्नी लावू देऊ नका. चुन्यात बसवलेल्या असतील तर कडेने पातळ पात्याने चुना कोरत गेलं की सुटतात, पाठही शाबूत मिळते. सिमेंटात असतील तर टाइलच आधी फुटते. मग मागच्या भिंतीची वीट फोडून सिमेंटासकट तुकडा काढायचा आणि सिमेंट नंतर सावकाश काढायचं.

गोखलेरोडकर

एक कोपऱ्यातली आधीच हलत होती. काढली. 'मेड इन जपान' आहे, वर एक गोल खूण, पण चुन्याने भरलीय. काका नाराज. त्यांच्या मते जपानी म्हणजे दुय्यम.

ठोकळा

काकांना सांगा, जपानमध्ये आज या टाइल्स संग्रहालयांत ठेवतात. खूण ओल्या फडक्याने आणि बांबूच्या काडीने साफ करा, अॅसिड नको.

बाकी खोल्यांत लादी कसली आहे? सिमेंटची, नक्षीची असेल तर ती भाजलेली नाही, दाबून केलेली असते. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या भरात सुरू झालेली भारत टाइल्स हे त्यातलं नाव. त्यांचं काम आपल्या शेजारी उरणला चालायचं. तीही काढता आली तर काढा. उलटी करून शिक्का बघायचा, बस.

ऐरोलीची माई

बाहुलीबद्दल लिहिते. आमच्याकडेही आराशीत अशीच एक असायची. चैत्रात हळदीकुंकवाला गौरीच्या पायऱ्यांवर कलिंगडाचं कमळ, कैरीच्या डाळीचं पातेलं आणि या सगळ्यांत निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची विलायती बाई. कोणालाच त्यात वावगं वाटायचं नाही. उलट जिच्याकडे अशी बाहुली तिच्याकडची आरास बघायला बायका मुद्दाम यायच्या.

तिचे केस हळूच वर करून मानेच्या मागे बघा. काही कोरलेलं आहे का?

गोखलेरोडकर

आहे माई! 'जर्मनी' आणि ३९०. काकांनी लगेच '१३९० सालची' असं जाहीर केलं.

ऐरोलीची माई

काकांना माझा नमस्कार सांगा. ३९० हा साच्याचा नंबर. सोबत 'ए एम' किंवा 'आरमांड मार्साय' असं असेल तर थुरिंगियातल्या कोपेल्सडॉर्फच्या कारखान्याची. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्यांनी या चेहऱ्याच्या बाहुल्या इतक्या काढल्या की जगभर सापडतात. म्हणजे खरी आहे, पण दुर्मीळ नाही. डोकं बिस्कचं, म्हणजे न चकाकणारं, गालाला हात लावला तर अंड्याच्या टरफलासारखं लागतं. अंग वेगळ्या मालाचं असतं. कपडे बहुधा तुमच्या आजीने शिवलेले असणार, ते बदलू नका. कारखान्यापेक्षा त्या कपड्यांना जपा असं मी म्हणेन.

देशाच्या नावावरून काळ थोडा लावता येतो. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे जपानी चिनी मातीवर आधी 'निप्पॉन', १९२१ नंतर 'जपान', आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंत काही मालावर 'ऑक्युपाइड जपान'. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही, तो देशच नव्हता.

पामबीच पादचारी

पण अमेरिकेचा कायदा आपल्याला कुठे लागू होता? आपल्याकडे खूण नसलेला माल आला असेलच की.

ऐरोलीची माई

बरोबर आहे तुमचं. आपल्याकडे १८८९ चा व्यापारचिन्हांचा कायदा होता, विलायतेत १८८७ चा, पण तो मुख्यतः फसवं नाव लावण्याविरुद्ध. म्हणून खूण असेल तर ती काहीतरी सांगते, नसेल तर 'फार जुनी असणार' असं म्हणायचं नाही. कागदी लेबलं धुण्यात जातात.

फुकटचा सल्लागार

ग्रामोफोनवर कोणीच बोलत नाहीये. शांतता बोलकी आहे.

लंबक

बोलतो. अष्टकोनी पेटी, चारी बाजूंना ठोकलेली पितळी नक्षी, चकचकीत पितळी कर्णा, पुढे कुत्र्याचं स्टिकर. गोखलेरोडकर, पेटी उलटी करा आणि स्क्रू बघा. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचाच. तो स्क्रू त्याआधी बाजारात नव्हता.

गोखलेरोडकर

सगळेच तसले आहेत. काकांनी एका प्रदर्शनात चांगली रक्कम मोजून घेतला होता, '१९०५ चा अस्सल' म्हणून पावतीवर लिहूनही दिलंय.

लंबक

मग पावती अस्सल. यंत्र आतलं जुनं असू शकतं. पोर्टेबल, म्हणजे सुटकेससारखे ग्रामोफोन आपल्याकडे ढिगाने होते. त्यांचं फिरकीचं यंत्र आणि आवाजाची डबी काढून नव्या पेटीत बसवतात, कर्णा नवा घडवतात. कर्ण्याच्या नळीचा आणि हाताचा जोड ढिला असतो, तिथून आवाज गळतो. त्या काळातल्या बऱ्याच चांगल्या मशीनचे कर्णे रंगवलेल्या पत्र्याचे किंवा लाकडाचे असत. लोकांना पितळ 'जुनं' वाटतं, म्हणून बनवणारे पितळच घालतात.

मौज म्हणजे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना आपल्याच देशात, कलकत्त्याला सियालदाहला १९०८ पासून होता. तबकड्या तिथे निघायच्या. घरात जुन्या तबकड्या असतील तर त्या या पेटीपेक्षा मोलाच्या. मात्र या ग्रामोफोनवर वाजवू नका, जड हात आणि बोथट सुईने चरे पडतात.

कल्हई

तांब्याच्या दोन्ही भांड्यांचे फोटो मोठे करून पाहिले. घंगाळावर नाव कोरलंय ना? ते बनवणाऱ्याचं नाही, ज्याने दिलं किंवा ज्याच्या मालकीचं त्याचं. आपल्याकडे भांडं घडवणाऱ्या तांबटाने स्वतःचं नाव घातल्याचं मी क्वचितच पाहिलंय. दुकानातच नाव घालणारा बसलेला असायचा, टिंबाटिंबाने 'चि. सौ. कां. अमुक हिस, मामांकडून' असं लिहून द्यायचा. त्यामुळे घराण्याचा इतिहास भांड्यावर मिळतो, कारागिराचा मिळत नाही.

कारागीर हातावरून ओळखायचा. पुण्याच्या तांबट आळीचं मठारकाम असेल तर पृष्ठभागावर हातोडीचे गोल ठसे ओळीने, एकमेकांना खेटून पडलेले दिसतात, आणि उजेडात धरलं की प्रत्येक ठसा वेगळा चमकतो. मशीनवर केलेल्या 'हॅमर्ड' भांड्यात सगळे ठसे एकसारखे. दुसरं, बंबाच्या अंगावर उभा जोड शोधा. जुन्या कामात पत्र्याच्या कडांना दात पाडून ते एकमेकांत अडकवून डाख, म्हणजे झाळ, दिलेला असतो. बोट फिरवलं की नागमोडी रेघ लागते. लेथवर ओढलेल्या भांड्याला जोडच नसतो.

गोखलेरोडकर

बंबाला आहे तशी रेघ! घंगाळावर आजीच्या माहेरचं आडनाव आणि शके १८५४. चिंच लावून घासू का?

कल्हई

शके १८५४ म्हणजे इसवी १९३२ च्या आसपास. बघा, या धाग्यातली सर्वात पक्की तारीख एका भांड्यावर नाव घालणाऱ्याने दिली.

घासू नका. निदान नावावर तरी नको. पितांबरी आपल्या ठाण्याचीच आहे, रोजच्या तांब्याभांड्याला खुशाल वापरा. पण टिंबांची अक्षरं दर घासणीला थोडी थोडी जातात.

ठोकळा

लक्ष्मीच्या चित्राचं कोणी सांगितलं नाही म्हणून. खाली बारीक अक्षरांत 'रवि वर्मा प्रेस' आणि कार्ला किंवा मळवली असं काही आहे का? १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झालेला छापखाना, प्लेगच्या काळात लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. १९७२ च्या आगीत बरंचसं जळालं. म्हणजे त्रावणकोरच्या चित्रकाराची लक्ष्मी, जर्मन माणसाच्या देखरेखीखाली, बव्हेरियातून आणलेल्या चुनखडीच्या दगडांवरून, आपल्या घाटमाथ्यावर छापलेली.

भिंग घेऊन लक्ष्मीचा गाल बघा. दगडावरच्या छपाईत ठिपके हाताने काढलेले, लहानमोठे, वेडेवाकडे पसरलेले असतात. आखीव रांगेतले एकसारखे ठिपके असतील तर ती नंतरची ऑफसेट छपाई. साडीची जर चिकटवण्याचं काम पुष्कळदा घरातल्या बायकांनी किंवा विकणाऱ्यांनी केलेलं असतं. तीच प्रत दोन घरांत वेगळी दिसते ती त्यामुळेच. जुनी चौकट बदलणार असाल तर मागचा पुठ्ठा फेकू नका, चौकटवाल्याचं लेबल त्यावर असतं.

पामबीच पादचारी

कायद्याचं थोडं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. रवि वर्म्यांची मूळ तैलचित्रं वयाचा विचार न करता राष्ट्रीय ठेव्यात मोडतात. परदेशातल्या भाच्याला टाइल्स कुरियर करायच्या आधी हे बघा. हस्तिदंताची करंडी, फणी असलं काही निघालं तर विकण्याचा विचारही नको, तो वन्यजीव कायद्याचा गुन्हा आहे.

फुकटचा सल्लागार

खुर्च्या राहिल्या. इराण्याकडे बनमस्का खाताना हीच खुर्ची बुडाखाली असते, म्हणजे इराणी असणार.

ठोकळा

व्हिएन्नाची. मिखाएल थोनेटने वाफेवर बीचचं लाकूड वाकवून १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या, म्हणून बोटीने कुठेही स्वस्तात पोचायच्या. १८६९ मध्ये त्यांचा एकाधिकार संपला आणि याकोब अँड योझेफ कोन वगैरेंनी तीच पद्धत उचलली. पुढे पोलंड, चेकोस्लोव्हाकिया इथूनही माल आला. खुर्ची उलटी करून बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला भाजलेला शिक्का किंवा कागदाचा तुकडा शोधा. लाकूड बीच असेल तर परदेशी, सागवान असेल तर इथल्या सुताराची नक्कल. नकलेतही बघण्यासारखं काम असतं, मागचा कमानीचा दांडा अखंड आहे की जोडलेला ते तपासा.

गोखलेरोडकर

दोन खुर्च्यांवर 'कोन, व्हिएन्ना' वाचता आलं, बाकीच्यांवर काहीच नाही आणि त्या उचलायला दुप्पट जड आहेत.

ठोकळा

जड त्या बहुधा इथल्या नकला. कोणीतरी संच पुरा करून घेतलाय. वेगळ्या करू नका, एकत्रच ठेवा.

वाघबीळ

उशिरा आलो. धागा वाचून आईचा पितळी स्टोव्ह काढला. टाकीवर 'बी. ए. योर्थ, स्टॉकहोम' आहे. हेही घड्याळासारखंच दुकानदाराचं नाव का?

कल्हई

जवळजवळ तसंच. प्रायमस स्टोव्ह १८९२ मध्ये लिंडक्विस्टने काढला आणि जगभर विकायचा मक्ता योर्थकडे होता, म्हणून त्याचं नाव. टाकीच्या बुडाला एखादं सुटं अक्षर ठोकलंय का बघा. १९११ पासून ते वर्षानुसार अक्षर ठोकत, 'ए' म्हणजे १९११. टाकीत रॉकेल शिल्लक असेल तर आधी काढा, आणि पंपाचं चामडी वॉशर वाळलं असेल तर खोबरेल लावून रात्रभर ठेवा. पेटवून बघायचा मोह घरात नको, गच्चीवर.

वाघबीळ

बुडाला अक्षर आहे, पण पुसट. 'ओ' की 'क्यू' कळत नाही. शेजारी एक कंदीलही निघालाय, त्यावर मराठीत 'प्रभाकर'.

कल्हई

तो कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, ओगल्यांच्या काच कारखान्याचा! काच मूळची असेल तर तिच्यावरही नाव असतं. फोटो टाका, आणि काच साबणाने घासू नका, नाव वरून छापलेलं असेल तर जाईल.